बाकाला माझा विरोध

मला फक्त एक बाक हवं होतं. साधं, लाकडी, तीन माणसं ऐसपैस बसतील आणि चौथं "सरकता का जरा?" म्हणून विचारेल, असं. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या मनात आलं, की आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर, झाडाखाली, त्यांच्या आठवणीचं एक बाक असावं. याला कुणाची हरकत असण्याचं काही कारण मला दिसेना. ज्याला हरकतीचं कारण दिसत नाही त्याने सोसायटीत राहू नये, हे मला पुढे कळलं.

आमचे सेक्रेटरीकाका चौथ्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात केली, आणि निवृत्त झाले तरी खिशात मोजायची टेप अजून असते. माझा अर्ज त्यांनी वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"कल्पना फार चांगली आहे गं. तुझे बाबा म्हणजे माणूस होता. पण फाटकाबाहेरची जागा आपली नाही, नगरपालिकेची. त्यांची परवानगी आण, सोसायटी लगेच ना-हरकत देते की नाही बघ."

नगरपालिकेच्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचायच्या आधीच विचारलं, "सोसायटीची ना-हरकत कुठाय?"

"ती तुमच्या परवानगीनंतर मिळणार आहे."

"आमची परवानगी त्यांच्या ना-हरकतीनंतर मिळते," असं म्हणून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते मोडून आत पडलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तेही मीच केलं.

दोन अतिशय सभ्य माणसं दारात एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत असावीत आणि मागून आपण कपाट घेऊन उभं असावं, अशी माझी अवस्था झाली. सभ्यपणाला नावं ठेवता येत नाहीत आणि कपाट खाली ठेवता येत नाही.

दरम्यान बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकूंचा विरोध उघड होता, कारण बाक त्यांच्या खिडकीसमोर येणार होतं. "लोक तिथे बसून माझ्या घरातलं ऐकत राहतील," त्या म्हणाल्या. काकूंच्या घरातलं ऐकायला कुणालाही बसावं लागत नाही, चालता चालताही ऐकू येतं, पण हे मी बोलले नाही. पहिल्या मजल्यावर एक दंतवैद्य आहेत. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "बाकाला पाठ ठेवू नका. पाठ असली की माणूस विसावतो आणि मग उठत नाही. माझ्या खुर्चीला पाठ आहे, तिथे मात्र कुणी बसतच नाही." दगडी करा, लोखंडी करा, करूच नका, एकाने तर बाकाऐवजी नुसता फलक लावायला सांगितलं, म्हणजे बसायचा प्रश्नच येणार नाही. मी ग्रंथालयात नोंदणीचं काम करते. प्रत्येक पुस्तक कुठल्यातरी एका फळीवर बसतं, अशी माझी आजवरची समजूत होती. माणसांच्या सल्ल्यांसाठी तशी फळी अजून निघालेली नाही.

हे सगळं मी माझ्या मावसबहिणीला सांगितलं. सांगायला नको होतं.

ताई माझ्याहून मोठी. ती विद्यापीठात सार्वजनिक धोरण हा विषय शिकवते, पदवी झालेल्या मुलांना. म्हणजे रस्ता कुठून जावा, पाणी कुणाला आधी मिळावं, असले निर्णय कसे घेतात ते. वर्षातून एकदा ती मुलांकडून एक लुटुपुटूची सभा करून घेते. मुलं तिला सिम्युलेशन म्हणतात. एक पेच रचायचा. कुणी महापौर, कुणी अभियंता, कुणी चिडलेला रहिवासी. प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं एक कार्ड मिळतं, त्यावर त्याची भूमिका आणि मागच्या बाजूला गुप्त सूचना: तुम्हाला नेमकं काय हवंय, आणि काय झालं तरी सोडायचं नाही. मग तीन फेऱ्यांत भांडून निर्णय करायचा आणि त्यावर मार्क मिळवायचे. बाबांना हा प्रकार फार आवडायचा. "म्हणजे भांडणाची रंगीत तालीम," ते म्हणायचे. "आपल्याकडे थेट प्रयोगच होतो."

ताईचा नेहमीचा पेच धरणाचा होता. पण तो इतकी वर्षं चालला की जुनी मुलं नव्या मुलांना धरणाची उत्तरं आधीच सांगून ठेवत. मागच्या खेपेस महापौरांनी तोंड उघडायच्या आत विरोधकांनी तडजोड मान्य केली होती. तिला नवा पेच हवा होता, आणि लगेच. माझी हकिकत ती शांतपणे ऐकत होती. सांत्वन करत्येय असं मला वाटलं. माझं बोलणं संपल्यावर तिने डोळे पुसले नाहीत, पेनाचं टोपण काढलं.

"ना-हरकत आणि परवानगी एकमेकांवर अडकलेली," ती म्हणाली. "असं मला कागदावर रचून जमलं नसतं. देशील मला हे बाक?"

"ताई, ते बाबांचं बाक आहे."

"म्हणूनच. माझी मुलं हुशार आहेत गं. त्यातून मार्ग निघाला तर तुझं खरं कामही होईल."

मी हो म्हटलं. मोहात पडले, दुसरं काही नाही. पदवीधर मुलांचा एक सबंध वर्ग आपल्या बाकाचा विचार करणार, हे ऐकून कुणालाही बरं वाटेल.

आधी मुलं इमारतीत मुलाखती घ्यायला आली. ताईने त्यांना शिकवलं होतं, की ज्याला ज्याला या निर्णयाची झळ पोचते तो हितसंबंधी, आणि त्याला भेटल्याशिवाय सभा करायची नाही. "माझा कसला हितसंबंध?" काकू दारातच कडाडल्या. "मी साधी बाई आहे!" पण मुलं नम्र होती, वहीत सगळं उतरवून घेत होती, आणि आपलं बोलणं कुणी उतरवून घेतंय हे पाहून काकूंनी त्यांना चहा केला, मग पुन्हा चहा केला. याचा परिणाम असा झाला, की बाकाविषयी ज्यांचं काहीही मत नव्हतं त्यांनाही ते झालं. मुलाखतीच्या आधी दोघातिघांचा विरोध होता. नंतर सगळ्या इमारतीची भूमिका होती. सेक्रेटरीकाकांची मुलाखत तर टेप काढून झाली. फूटपाथची रुंदी त्यांनी मुलांना धरायला लावून मोजली.

शिवाय आता सगळ्यांना सभा बघायची होती. ताई म्हणाली, "येऊ देत, मुलांना बरं." त्यामुळे सभेच्या दिवशी आमची अर्धी इमारत ठेवणीतले कपडे घालून विद्यापीठात निघाली. काकूंनी अत्तर लावलं होतं. दंतवैद्यांनी दवाखाना बंद ठेवून पाटी लावली: "सार्वजनिक कामानिमित्त". आई सगळ्यांत मागून, स्वेटर विणत असल्यासारख्या शांत चेहऱ्याने येत होती. बाक हवं की नको, यावर ती आजवर एक शब्द बोललेली नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "कर, तुला बरं वाटेल ते."

वर्ग मोठा होता. टेबलं गोल लावलेली, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, दारात ताई, आणि तिच्या चेहऱ्यावर संकट.

"माझी चार मुलं कुठल्याशा परिषदेला पळाली आहेत," ती कुजबुजली. "चार भूमिका रिकाम्या. तुम्ही लोकच बसा."

"मग मी अर्जदार मुलगी होते," मी म्हटलं. "मला सगळं पाठ आहे."

"नाही. माझ्याकडे एकच नियम कडक आहे. कुणीही स्वतःची भूमिका करायची नाही. आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडी बरोबरच वाटतं. दुसऱ्याच्या तोंडी गेलं की कळतं कुठे पोकळ आहे."

कार्डं डब्यात घालून हलवली. सेक्रेटरीकाकांनी आपलं कार्ड उचललं, लांब धरून वाचलं, जवळ आणून वाचलं. त्यांना "अर्जदार: दिवंगतांची मुलगी" ही भूमिका आली होती. काकूंना "नगरपालिकेच्या अभियंता" मिळाली. दंतवैद्यांना झाड. ताईच्या वर्गात, ज्याला बोलता येत नाही त्याचाही एक प्रतिनिधी असतो, आणि दंतवैद्य फार खूश झाले. बोलता न येणाऱ्यांशी त्यांचा रोजचा संबंध. माझ्या कार्डावर लिहिलं होतं: "तळमजल्यावरील रहिवासी. बाकाला ठाम विरोध." मागे गुप्त सूचना: "कुठल्याही परिस्थितीत बाक होऊ देऊ नका."

मी ताईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. आईला निरीक्षक म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, दंडाला निळी फीत बांधून. निरीक्षकाने बोलायचं नसतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीची भूमिका एका उंच, लाजऱ्या मुलाकडे होती. त्याने मुलाखतीत काकांचा अभ्यास फारच मन लावून केलेला दिसला. घंटा वाजली, आणि खिशातून टेप काढून टेबलावर ठेवत तो म्हणाला, "कल्पना फार चांगली आहे. पण."

काकांनी त्या टेपकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या. मग ते उठून उभे राहिले.

"मी दिवंगतांची एकुलती एक कन्या," ते आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले. कुणी हसलं नाही, कारण ते गंमत करत नव्हते. "बाबा गेल्यापासून मी या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरते आहे. माझ्या जिवाला काय वाटत असेल, याचा या सेक्रेटरीने कधी विचार केला आहे का?"

"नियमानुसार आधी परवानगी..." मुलगा म्हणाला.

"नियम? कुठला नियम? असा नियम कुठेही नाही. सेक्रेटरी तो तोंडाने सांगतो आणि लोक ऐकून घेतात! मला काय माहीत नाही का?"

माझ्याच्याने काकांशी कधी असं बोलवलं नसतं. गेले कित्येक आठवडे मी ज्या माणसापुढे मान खाली घालून उभी होते, तोच आता माझा वकील झाला होता, आणि माझ्याहून शतपटीने चांगला. मला ते फारसं आवडलं नाही. आपलं दुःख दुसऱ्याला इतकं सहज जमावं, हे मनाला लागतं.

मग अर्जदार कन्या नगरपालिकेकडे वळली. काकू खुर्चीत मागे रेलून बसल्या होत्या.

"साहेब जागेवर नाहीत," काकू म्हणाल्या.

"अहो, साहेब तुम्हीच आहात."

"मग मी जागेवर नाही. उद्या या."

"बाई, ही एक फेरी म्हणजे तीन महिने आहेत," अध्यक्षा झालेली चष्मेवाली मुलगी घड्याळ दाखवत म्हणाली. "उद्या म्हणजे फेरीनंतर."

"मग फेरीनंतर या," काकू म्हणाल्या आणि पेल्यातलं पाणी सावकाश प्यायल्या. इतकं समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ताईने "अचानक घडलेली घटना" म्हणून एक चिठ्ठी वाचली, की पाण्याची वाहिनी फुटल्याने फूटपाथ खणावा लागणार आहे, तेव्हा काकूंनी टाळ्याच वाजवल्या. दंतवैद्य मधूनमधून झाडाच्या वतीने "मुळांना धक्का लागतोय" म्हणून विव्हळत होते.

पण एवढं सगळं होऊनही काका हटेनात. तिसऱ्या फेरीत त्यांनी सेक्रेटरीला ना-हरकत द्यायला लावली. त्यांनी झाडाला बाक मुळांपासून हातभर लांब ठेवायचं वचन दिलं. अभियंत्याबाईंना भूमिपूजनाचा मान देऊ केला, तशा काकू चटकन जागेवर आल्या. बाक जवळजवळ झालंच होतं. मी गप्प बसले असते तर कागदावर का होईना, झालं असतं.

तेवढ्यात अध्यक्षा मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "तळमजल्यावरील रहिवासी, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. तुमची बाजू फारच कच्ची दिसते."

कच्ची! जन्मभर पुस्तकांत वावरलेल्या माणसाला, भर सभेत, वीस-बावीस वर्षांची मुलगी. समोर काकू होत्या, आणि त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं, की आपली भूमिका ही बाई मातीत घालणार. मी उठले.

आधी खिडकी, आवाज, दुपारची झोप, हे काकूंचे मुद्दे मांडून झाले. ते पडले. एक मुलगा जांभई देताना दिसला. काहीतरी जोरकस हवं होतं, आणि शोधता शोधता जे हाताला लागलं ते मी बोलून गेले.

"शिवाय," मी म्हटलं, "ज्या गृहस्थांच्या आठवणीसाठी हे बाक आहे, ते कधी बसत नव्हते."

जांभई देणाऱ्या मुलाने तोंड मिटलं.

"ते पाण्याचे मीटर वाचायचे. घरोघर जाऊन. मीटर वाचणाऱ्याला कुणी बसा म्हणत नाही, आणि म्हटलं तरी त्याने बसायचं नसतं, पुढचं घर थांबलेलं असतं. ही सवय त्यांना इतकी लागली की निवृत्त झाल्यावरही ते कुणाच्या घरी दारातच उभे राहायचे. आपल्याही. पेपर उभ्याने वाचायचे. पाहुणे आले की खुर्चीच्या मागे उभे. कुठे टेकलेच, तर असे, की आत्ता उठणारच आहेत. दवाखान्यातसुद्धा शेवटी शेवटी खाटेच्या कडेला उभं राहायचा त्यांचा हट्ट असायचा. नर्स म्हणायच्या, आजोबा, पडा आता. ते म्हणायचे, पडतो, जरा उभा राहून घेतो." मी पाणी प्यायले. "अशा माणसाच्या नावाने बाक करणं म्हणजे त्यांच्यावर ते लादणं आहे. ते तिथे बसले नसते. मग हे बाक कुणासाठी आहे? अर्जदार मुलीसाठी. तिलाच कुठेतरी बसायचं आहे."

मी खाली बसले. युक्तिवाद जिंकल्यावर वाटतं तसं मला काहीच वाटत नव्हतं.

सगळ्यांत आधी काका उठले. त्यांच्या मिशा पुन्हा हलत होत्या. "अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "मी माझा अर्ज मागे घेते."

मतदान झालं. बाक पडलं. झाडाचंसुद्धा मत विरोधात गेलं. अशा रीतीने बाबांचं बाक, जे सोसायटीला अडवता आलं नाही आणि नगरपालिकेला अडवता आलं नाही, ते मी एकटीने पाडलं.

सभा संपली की ताई सगळ्यांना भूमिकेतून उतरवते. गळ्यातलं कार्ड काढून ठेवायचं आणि स्वतः म्हणून एक वाक्य बोलायचं. हे केल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही, नाहीतर मुलं बसथांब्यापर्यंत भांडत जातात. काकांची पाळी आली. त्यांनी कार्ड काढलं, पण हातातच ठेवलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "जिन्यात उभे असायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीपाशी. मी उतरताना गाठायचे, मग आमचं बोलणं. भाजीची पिशवी हातात. हात भरून आला की पिशवी पायावर ठेवायचे. जमिनीवर नाही. बुटावर. म्हणायचे, जमिनीवर ठेवली की आपण थांबलो असं होतं."

"अंडी असली की पायांच्या मधे धरायचे," दंतवैद्य म्हणाले. "माझ्याशीही बोलायचे. दाताबद्दल कधीच नाही."

"माझ्याशी खिडकीतून," काकू म्हणाल्या, आणि मग जरा कमी आवाजात, "मी आत या म्हटलं तर कधी आले नाहीत."

"आणि मी वरून ओरडायची," आई म्हणाली.

निरीक्षकाने बोलायचं नसतं. पण निळी फीत सोडून तिने मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी घालत होती.

"रोज संध्याकाळी. कठड्यावरून वाकून. अहो, वर येताय का, की तिथेच वाढू? ते म्हणायचे, आलो, आलो. आणि यायचे नाहीत." तिने फीत ताईच्या हातात दिली. "बाकावर मी त्यांना कशी हाक मारणार होते? तिथवर आवाज जात नाही माझा."

काका पुढ्यातल्या टेपशी चाळा करत होते. ती त्या मुलाची होती, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं. तेव्हा काकू खाकरल्या. त्यांनी अभियंत्याचं कार्ड अजून गळ्यातून काढलेलं नव्हतं.

"एक पिशवी ठेवायची फळी करा की मग," त्या म्हणाल्या. "वळणावर, खिडकीखाली. उभ्याने बोलायचं, पिशवी फळीवर. आणि ते इमारतीच्या आत येतं. हा विषय आमच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही."

नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने माझ्यासाठी काढलेलं इतकं सुंदर वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कार्ड काढून घरी पोचेपर्यंत काका पुन्हा सेक्रेटरी झाले होते. "कल्पना फार चांगली आहे," ते म्हणाले. पुढचा शब्द मला पाठ होता. "पण," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे. मग म्हणाले, "पण उंची किती ठेवायची?"

उंचीवर इमारतीत जे झालं ते ताईच्या तिन्ही फेऱ्यांना पुरून उरलं असतं. काकू बुटक्या, दंतवैद्य उंच. काका रोज संध्याकाळी वळणावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पिशवीसकट थांबवत आणि कोपर मोजत. त्यांनी काढलेली सरासरी कुणालाच सोयीची नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना मान्य झाली. गवंडी आला, त्याने "साहेब, नजरेनेच बसवतो की" म्हटलं, आणि नेमके काका तेव्हा आंघोळीला गेले होते. फळी भिंतीत बसली. उद्घाटनाची बटाट्याची पिशवी आईने स्वतः ठेवली. पिशवी क्षणभर थांबली, मग अदबीने कलली, आणि बटाटे एकामागोमाग एक जिना उतरू लागले. पहिला बटाटा दंतवैद्यांच्या दारावर थडकला. त्यांनी दार उघडून "बसा" म्हटलं.

काकांना घाम फुटला. सबंध आयुष्य वजनमापे खात्यात गेलेल्या माणसाच्या इमारतीत उतरती फळी! त्यांनी गवंड्याला परत बोलावलं, तीन वेळा स्वतः पाणसळ धरली, आणि फळी आता इतकी सपाट आहे की तिच्यावर अंडं ठेवलं तरी विचारात पडल्यासारखं जागच्या जागी राहतं. काकांनी ते करून पाहिलं आहे.

त्यावर नाव काय घालायचं, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, काही नको. पण सेक्रेटरीला पाटीशिवाय चैन पडत नाही. एके सकाळी फळीवर लाल रंगात, सुबक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: "येथे बसण्यास मनाई आहे." काका पोरं चढून बसतील म्हणून काळजीत होते, एवढंच. मी ते वाचलं आणि ग्रंथालयात पोचेपर्यंत हसत होते. बसमध्ये शेजारच्या बाईंनी पर्स पलीकडच्या मांडीवर घेतली. बाबांसाठी इतका योग्य मजकूर मला लिहिता आला नसता.

ताईच्या वर्गाला चांगले मार्क मिळाले. चष्मेवालीने आपल्या निबंधात लिहिलं, की अर्जदाराने गरज न सांगता उपाय मागितला आणि म्हणून सगळी यंत्रणा उपायाशीच भांडत बसली. ताईने तो मला वाचायला दिला. मी वाचला आणि परत केला. बरोबर होतं ते. पुढच्या वर्षीही ताई हाच पेच देणार आहे, पण तिची खात्री आहे, की मुलं आत शिरताक्षणी "फळी, फळी" ओरडतील.

परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन वर येत होते. वळणावर पिशवी फळीवर ठेवली, हात बदलण्यापुरतीच. तेवढ्यात काका उतरत होते. पाण्याच्या टाकीविषयी त्यांना काहीतरी सांगायचं होतं. टाकीवरून ते जुन्या टाकीवर गेले, तिथून ती बांधणाऱ्या ठेकेदारावर, ठेकेदाराच्या जावयावर. मी भिंतीला खांदा टेकवला. मधे माझंही काही सांगून झालं, ग्रंथालयातल्या एका वाचकाचं, जो पुस्तक परत करायला येतो आणि तिथेच पुन्हा वाचत बसतो. काका मोठ्याने हसले. खिडकीतून खालच्या झाडाचा शेंडा दिसत होता. त्याच्या मुळांना कुठलाही धक्का लागलेला नव्हता.

"अगं," वरून आवाज आला, "वर येतेस का, की तिथेच वाढू?"

काका वाक्य अर्ध्यावर सोडून थांबले. आम्ही दोघांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून आई वाकली होती, हातात पळी. तिचा आवाज जिन्यात अगदी पुरेसा पोचत होता.

"आले, आले," मी म्हटलं.

आणि काकांना विचारलं, "मग त्या जावयाचं पुढे काय झालं?"